हक्कसोड

काचेपलीकडे आई जात्यावरची ओवी म्हणत होती आणि दार शालनचं बोट ओळखत नव्हतं. आईला जाऊन महिना झाला होता. जिवंतपणी उतरवून ठेवलेलं तिचं मन या स्मृतिघरात बोलतं होतं.

"ताई, तुम्ही तेराव्याला हक्कसोड केलीत," कारकून म्हणाला. "आई भावाच्या वाट्याला गेल्या."

"ती जमिनीची होती. माहेर तुटू नये म्हणून सगळ्याच बहिणी सही करतात की."

"कागदात 'स्थावर, जंगम आणि स्मृती' लिहिलंय. आईंनी मृत्युपत्रात तुमचं नाव घातलं असतं, तर प्रश्नच नव्हता."

शालनने कितीदा सांगितलं होतं, एक कागद करून ठेव. आई हसून म्हणायची, "मला घालवायची एवढी घाई गं तुला?"

मेलेल्याला बोलतं ठेवू नये, म्हणून भावाने अर्ज दिला होता. आज पाचला आई बंद होणार होती.

आत ओवी थांबली. "शालन आली का?" आईने विचारलं.

"उत्तर देऊ नका, ताई," कारकुनाने मान खाली घातली. "हक्क नसलेल्याने त्यांना उत्तर दिलं, की यंत्र तिथल्या तिथे बंद पडतं."

शालनने पदर तोंडात कोंबला. पाच वाजेपर्यंत आई विचारत राहिली.