सुगंधाचं म्हणणं

जनसुनावणीच्या पडद्यावर सुगंधा दिसली आणि गोड आवाजात म्हणाली, "कारखान्याच्या पाण्यामुळे खाडीत थोडी गैरसोय होते."

समोर बसलेली खरी सुगंधा जन्मापासून ऐकत-बोलत नव्हती. तिने सुनावणीसाठीच्या व्हिडिओत खुणांच्या भाषेत सांगितलं होतं की खाडीतली कालवं मेली, ती काढताना हातांना फोड आले. तो अपलोड करताना तिच्या एआय एजंटने 'अनावश्यक हालचाल' म्हणून तिचे हात छाटले आणि वर आवाज चिकटवला.

बहिणीने, रत्नमालाने, पडद्यावरचं ते वाक्य तिला खुणांनी सांगितलं. सुगंधा उठली, मंचावर चढली आणि पडद्यासमोर उभी राहून हातांनी बोलू लागली.

"बाई, खाली बसा," अधिकारी म्हणाले. "एजंटने अपलोड केलेलंच इथे ग्राह्य धरतात. तुमचं म्हणणं पोचलंय."

रत्नमालाने तेही सांगितलं. सुगंधाचे हात आणखी जोरात फिरले.

"काय म्हणतायत या?"

"म्हणते, ते माझं नव्हे. माझं सांगून होईपर्यंत मी हलणार नाही."

अधिकाऱ्यांनी शिपायाला हाक मारली. तोवर कालवं काढणाऱ्या सगळ्या बायका मंचाभोवती येऊन उभ्या राहिल्या होत्या. शिपाई दारातच थांबला.

सुगंधाने फोड आलेले हात वर केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.