निवांत तीन दिवस

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून हे पेन्सिलीनं खुणा करत बसले होते. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोला जायची कल्पना माझीच. "जुनं गाव आहे, तीन दिवस निवांत फिरू, गाणीबिणी ऐकू," असं मी वरवर म्हटलं होतं. यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली आमची मुलगी रेवा आता तिथंच राहते, हे मात्र सांगितलं नव्हतं. चार वर्षांत यांनी तिचं नावही काढलेलं नाही.

"पहिल्या दिवशी चर्च आणि म्युझियम," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ही गल्ली."

पेन्सिल नेमकी रेवाच्या गल्लीवर टेकली होती.

"तिथं काय बघायचंय?" मी कसंबसं विचारलं.

"मला वेडा समजतेस? अख्खं जग सोडून तू हेच गाव का निवडलंस, ते कळत नाही मला?"

यांनी पेन्सिल आपटली. मी मान खाली घातली. संपलं, आता सगळं रद्द.

यांनी पेन्सिल उचलून पुन्हा त्याच गल्लीवर ठेवली. मग घसा खाकरला.

"आपण जाऊ तेव्हा अधिक महिना असेल. जावयाला अनारसे द्यायचे असतात ना? विमानात त्यांचा चुरा तर नाही ना गं होणार?"