दिव्याकडे येत नाही

परजीवी गांधीलमाशीची जात ओळखायची, तर जुन्या पुस्तकातला पहिला प्रश्न होता: रात्री दिव्याकडे येते का? मृण्मयीने ‘नाही’ लिहिलं.

“काल रात्री अकराला दिवा लावून तासभर बसले, बाई. जागची हलली नाही.”

डॉ. उमराणीकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आकाशात आरसे बसवल्याला तीस वर्षं झाली होती. आत्ताही रात्रीचे दहा वाजले होते आणि अंगणात लख्ख ऊन होतं. त्यांनी गांधीलमाशीच्या बरणीवर जाड काळं कापड टाकलं, कापडाखाली काचेला लागून छोटा दिवा सरकवला. लगेच काचेवर टकटक सुरू झाली.

बाईंचे डोळे भरून आले.

पंचविशीतली मृण्मयी गोंधळली. “दिवा तर मीही लावला होता, बाई. मग कापड कशाला लागलं?”