दार पूर्ण उघडा

"दार पूर्ण उघडा," व्हेनिटा म्हणाली. "ऑफिसला फोटो लागतो."

हॉबर्टनं दार ढकललं. ओतकामाच्या कारखान्यातल्या धुळीनं म्हाताऱ्याची छाती गेली, मागोमाग नोकरी गेली, भाडं थकलं, आणि आता घर खाली करण्याची नोटीस घेऊन खालच्या मजल्यावरचीच बाई दारात उभी होती.

"शाबास! आमच्यातच राहतेस आणि आम्हालाच हाकलतेस?"

"जरा सरका, मिस्टर हॉबर्ट. उजेड अडतोय."

तिनं नोटीस चौकटीवर चिकटवली, फोटो काढला आणि पुढचं दार ठोठावलं.

लेकीच्या, जोसीच्या, दम्यापायी दवाखान्याच्या खेपा झाल्या, चार खाडे पडले आणि व्हेनिटाचं गोदामातलं काम सुटलं. मग इमारतीच्या मॅनेजरनं, क्रेगनं, हे काम दिलं. "अकरा नोटिसा लाव. बारावी तुझ्या नावाची आहे, ती माझ्या खणात राहील. नीट वागलीस तर." क्लीव्हलंडच्या गोठत्या जानेवारीत जोसीला घेऊन ती जाणार कुठे होती?

तिसऱ्या मजल्यावरची मारिसोल तोंडावर थुंकायचीच बाकी राहिली. "तुझं तळपट होवो!"

"होऊ दे. पडदा सरकव. आणि बाळाला उचलू नकोस, आहे तिथेच राहू दे."

"लाज वाटते का गं तुला?"

 व्हेनिटानं फोटो दोनदा काढला.

क्रेगनं फोटो नुसते मोजले. "अकरा. झकास! पोरगी कशी आहे?"

"खोकतेय."

"हवाच तशी आहे," तो म्हणाला आणि फोटो वकिलाकडे धाडून मोकळा झाला.

कोर्टात अकराही बिऱ्हाडं आली होती. व्हेनिटाच्या शेजारी कुणी बसलं नाही.

"नोटिसा लावल्याचे हे फोटो," मालकाचा वकील म्हणाला. "ते खरे आहेत, त्यांत काडीचाही फेरफार नाही, असं आमच्या मॅनेजरनं शपथेवर सांगितलंय."

न्यायाधीशबाईंनी पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग पुन्हा पहिला हातात घेतला. नोटीस कडेला होती. बाकी फोटोभर काळ्या बुरशीनं खाल्लेली भिंत, गळक्या छताखालची बादली, वाफेच्या मशीनला जोडलेलं बाळ. "भाडं मागताय, ते या घरांचं?" त्यांनी वकिलाला विचारलं.

क्रेगनं मान पुढे काढून फोटो पहिल्यांदाच पाहिले. मग तो व्हेनिटाकडे वळला.

"खणातली बारावी नोटीसही काढ, क्रेग," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझंही दार पूर्ण उघडते."