मेंढीचा वास

लिंडसेने बाकावरचं फडकं उचललं, वाकून नाक जवळ नेलं आणि तो तसाच थांबला.

फडक्याखाली इंजिनाचं हेड होतं, व्हॉल्व्ह बसवतात तो वरचा भाग. परवा सगळा दिवस खपून ते त्यानेच जुळवलं होतं. एकेक स्प्रिंग दाबायची, तिच्या टोपीतून वर आलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरल्या खाचेत लॉकचे दोन अर्धे तुकडे बसवायचे आणि दाब हळूच सोडायचा. तुकडे नखाएवढे. ते जागचे हलू नयेत म्हणून लोक त्यांना ग्रीसचा ठिपका लावतात. लिंडसे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी लावायचा. त्याचा बाप मेंढ्या कातरायचा आणि डब्याडब्याने ती घरी आणायचा, तेव्हापासूनची सवय. नजर अधू झाल्यापासून तर स्वतःचं काम तो नाकाने आणि बोटांनीच तपासत असे.

आज मेंढीचा वास नव्हता.

त्याने लॉकच्या दोन तुकड्यांमधल्या फटीवरून बोट फिरवलं आणि दारातल्या उन्हात धरलं. निळं.

दाराबाहेर त्याच्या मुलीची, नरेलची, शर्यतीची गाडी उभी होती. संध्याकाळी मातीच्या ट्रॅकवर मोसमातली मोठी शर्यत होती. गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: इंजिन, एल. हॉस्किन.

नरेल चहाचे मग घेऊन आली. मागून डेस आला, हातात बेकरीतल्या गरम पेस्टींची, सारण भरलेल्या मोठ्या करंज्यांची, पिशवी. लिंडसेचा तीस-पस्तीस वर्षांपासूनचा मित्र.

"काय रे म्हाताऱ्या, आज कोंबड्याच्या आधी?" डेस म्हणाला. "आम्ही म्हटलं, तू यायच्या आत हेड चढवून टाकू. दर वेळेसारखं. तेवढीच तुझ्या कंबरेला विश्रांती."

"डेस, तुझी बोट बरी आहे ना?"

"बोटीला काय धाड भरलीय?"

लिंडसेने निळं झालेलं बोट पुढे केलं.

ते निळं ग्रीस गावात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. डेस बोट ओढून न्यायच्या गाड्याच्या चाकांसाठी ते आणायचा आणि मग दिसेल त्याला लावायचा, फाटकाच्या बिजागऱ्यांना, बायकोच्या शिवणयंत्राला. मेल्यावर आपल्या शवपेटीच्या कड्यांनाही तेच लावा, असं तो सांगायचा.

आत्ता तो पिशवी हातात धरून उभा राहिला.

"बाबा, आधी चहा घ्या," नरेल म्हणाली.

"हेड कुणी उघडलं?"

"मी." तिने मग खाली ठेवले. "परत बसवलं डेसकाकांनी."

"का?"

"तुम्ही गेल्यावर, लॉक पक्की बसलीत का म्हणून, मी दांड्यांवर हातोडी मारून बघितली. तुम्हीच शिकवलंत ना तसं. एक लॉक उडालं, वर पत्र्याला जाऊन लागलं."

"मीही मारून बघितली होती."

"तुमचा हात हल्ली हलका पडतो, बाबा." ती थांबली. "त्या गाडीत मी बसते. वळणावर व्हॉल्व्ह आत पडला, इंजिन जाम झालं, तर मागचे सगळे माझ्या अंगावर येतात."

ते लिंडसेला सांगायची गरज नव्हती. तिला ते त्यानेच सांगितलं होतं.

"एकच उडालं?"

नरेल गाडीकडे बघू लागली.

"आणि ही पहिलीच वेळ?"

आता डेसही गाडीकडे बघू लागला.

भिंतीवरल्या फळीवर शर्यतींत जिंकलेले कप ओळीने मांडलेले होते. शेवटचा सगळ्यांत मोठा, गेल्या मोसमातला. मोसम संपल्यावरच्या जेवणाला तो नरेलला मिळाला, तेव्हा तिने बापाला हाताला धरून पुढे नेलं होतं. "हे इंजिन ह्यांचं," असं ती म्हणाली होती. सगळा हॉल उभा राहिला होता.

"तू टाळ्या वाजवल्यास, डेस."

"वाजवल्या."

"सगळे खाली बसले तरी तू वाजवत होतास."

"अरे, तुला सांगितलं असतं तर तू ह्या शेडला कुलूप घालून घरात जाऊन पडला असतास. ओळखत नाही का मी तुला? ही पोर माझ्याकडे आली तेव्हा रडत होती–"

"पोरीला मध्ये आणू नकोस."

लिंडसे पुन्हा हेडकडे वळला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने एकेक लॉक बोटाने चाचपलं. प्रत्येक जोडीतली फट इंजिनाच्या लांबीच्या दिशेने होती, सगळ्या एका रेघेत. तशा नसल्या तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. ही फक्त लिंडसेची खोड होती, आणि डेसच त्यावरून त्याला सगळ्यांत जास्त चिडवायचा. शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी करतोस, म्हणायचा.

"फटी रांगेत ठेवल्यास," लिंडसे म्हणाला.

"तुझ्यासारख्याच." डेसचा आवाज जरा मोकळा झाला. "घाम फुटला रे. चष्मा काढून पुसून पुसून केलं. तुला कसं जमतं देव जाणे."

लिंडसेने फळीखालचा पत्र्याचा डबा काढला. झाकण निघेना. नरेलने हात पुढे केला आणि परत मागे घेतला. अखेर झाकण निघालं, आणि चहाच्या आणि पेस्टींच्या वासावर मेंढीचा वास पसरला.

डबा त्याने डेसच्या हातात दिला.

"मग एवढं हेही लावायचं होतंस," तो म्हणाला. "मला कधीच कळलं नसतं."