जोडणी झाली

थोरल्याचा अंगठा दुखायला लागला, तरी त्याने हँडसेटचं बटण सोडलं नाही. सकाळपासून तो नव्या कॉर्डलेस फोनशी झटत होता. सोबतच्या माहितीपत्रकातली अक्षरं इतकी बारीक, की चष्म्यावर चष्मा लावावा लागला असता. बेसचं, म्हणजे टेलिफोनच्या वायरला जोडलेल्या खालच्या बैठकीचं, बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की हँडसेटचं दाबायचं, मग वाट बघायची. वाट बघून बघून त्याचा जीव मेटाकुटीला आला.

अखेर हँडसेटवर जोडणी झाल्याची अक्षरं उमटली. त्याने तो कानाला लावला. टोन येत होता. बेसवरचा दिवा मात्र लुकलुकतच राहिला.

"लुकलुकू दे मेल्याला," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

जेवताना बायकोने सांगितलं, की भिंतीपलीकडेही याच फोनचं खोकं दारात पडलंय. दुकानात सेल लागला होता आणि अर्ध्या गल्लीने तोच फोन उचलला होता. तरी थोरल्याला वाटलं, धाकट्याने मुद्दाम आपली नक्कल केली.

भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ राहायचा. वडिलांच्या आजारपणात दोघं एकमेकांना नको ते बोलून बसले, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि तेव्हापासून अबोला. धाकटा आणि त्याची बायको, दोघंही नोकरीला. दिवसा तिकडे शुकशुकाट असायचा.

हा फोन घ्यायला लागला तो ताईमुळे. ताई दोघांहून मोठी. आई गेल्यावर तिनेच दोघांना वाढवलं. आता तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दोन्ही भावांनी तपासणीसाठी रक्त दिलं, तेही वेगवेगळ्या दिवशी, समोरासमोर यायला नको म्हणून. कुणाची किडनी जुळते ते हॉस्पिटलमधून फोनवर कळणार होतं. जुना फोन परसात ऐकू यायचा नाही. हा खिशात घालून हिंडता आलं असतं.

पण फोनने डोक्याला ताप दिला. इकडून लावला की लागायचा. मुलीने सासरहून केला, की तिला नुसती रिंग ऐकू यायची आणि इथे हँडसेट ढिम्म. ती रागावली, की बाबा, तुम्ही फोन घरात शोभेला ठेवलाय का. उलट अधूनमधून तो वाजायचा तेव्हा कुणी अनोळखी बाई "वहिनींना द्या" म्हणायची. थोरल्याच्या बायकोने घेतला, तर आवाज वेगळा लागतोय म्हणत ती बाई ठेवून द्यायची. थोरल्याने दुकानात दोनदा भांडण काढलं. माणूस पाठवतो, असं दुकानदार दोन्ही वेळा म्हणाला.

एका दुपारी तो बेसची वायर काढून पुन्हा घालत होता, तेवढ्यात खिशातला हँडसेट वाजला. हॉस्पिटलमधली बाई होती. तिने आडनाव विचारून खात्री केली. तो हो म्हणाला.

"तुमची किडनी ताईंशी जुळतेय," ती म्हणाली. "पुढच्या तपासण्यांना कधी येता?"

थोरल्याने हातातली वायर खाली ठेवली. रक्त देताना त्याला मनातून वाटत होतं, की आपलं काही जुळायचं नाही. दिल्याचं नाव होईल आणि द्यावं लागणार नाही. आता ते जुळलं होतं. आपलंच शरीर आपल्यावर उलटल्यासारखा त्याला स्वतःचा राग आला.

"मला नाही जमायचं," तो म्हणाला. "माझं नाव काढून टाका."

बाईने वाद घातला नाही. पुष्कळजण घाबरतात, यात कुणाला दोष नाही, असं ती म्हणाली. ताईंना फक्त जुळलं नाही एवढंच कळवू, कारण सांगणार नाही. पुन्हा विचार करायचा असेल तर कळवा. त्याने नको म्हटलं आणि फोन बंद केला.

कुणाचा होता, असं बायकोने आतून विचारलं.

"राँग नंबर," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचं कशात लक्ष लागेना. ताईकडे जायचं त्याने टाळलं, आणि टाळणंही सोसेना तेव्हा गेला. ती उशीला टेकून बसली होती. एकाचं जुळलं नाही म्हणे, कुणाचं ते मी विचारलं नाही, तुम्ही दोघांनी रक्त दिलंत तेवढं मला पोचलं, असं म्हणत तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला तिच्याकडे बघवेना.

परत येताना तो स्वतःला समजावत राहिला. धाकटा वयाने लहान, अंगाने धट्टाकट्टा. त्याचं जुळेलच. तो नाही म्हणायचा नाही, कारण ताईचा जीव की प्राण तो. किती तरी वर्षांनी थोरल्याने मनापासून त्याचं भलं चिंतलं.

घरी दुकानाचा माणूस एकदाचा येऊन बसला होता. त्याने लुकलुकता दिवा बघितला, दोनतीन बटणं दाबली आणि दिवा स्थिर झाला.

"तुमचा हँडसेट तुमच्या बेसला नव्हताच जोडलेला," तो म्हणाला. "जवळपास कुणाच्या तरी बेसला चिकटला होता. होतं असं कधीकधी. आता तुमचा नंबर तुमच्याकडेच वाजेल."

थोरला दुकानदाराला लाखोली वाहणार, तोच फोन वाजला. आवाज ओळखीचा होता. हॉस्पिटलमधलीच बाई.

"किती दिवस लावतेय, तुमच्याकडे कुणी उचलतच नाही," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची किडनी जुळत नाही."

थोरल्याला क्षणभर हायसं वाटलं. मग तो गोंधळला. "अहो, जुळतेय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना परवा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "ते मी तुमच्या धाकट्या भावाला सांगितलं."