कोरडं इंजिन

टक्.

तेल सोडायला दाबलेलं डबीचं बूड वाजलं आणि दुपारपासून गप्प बसलेलं गॅरेज जागं झालं.

"पुरे, बाबा," ती म्हणाली. "पिस्टनला तेल लावताय की आंघोळ घालताय?"

"घालू दे." बाबांनी पिस्टन तळहातावर घेतला आणि रिंगांच्या खाचांतून तेलाचं बोट फिरवलं, तान्ह्या पोराला माखावं तसं. "इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की पंपाला तेल वर पोचवायला वेळ लागतो. तोवर धातूवर धातू घासतो. तेवढ्या वाटेची शिदोरी जोडणाऱ्यानेच बांधून द्यायची असते."

तेलकट पिस्टन निसटू पाहत होता. तिने खाली आपला हात धरला. लहानपणापासून ती याच गॅरेजात वाढलेली, हत्यारं हातात देता देता सगळं शिकलेली.

पायरीवर तिची लेक रिकामी डबी घेऊन बसली होती. आजोबांनी टक् केलं की तीही टक् करायची. हनुवटीवर टाक्याचा छोटासा व्रण. याच पायरीवरून पडली होती ती, नेमकी मामाच्या अपघाताच्या दिवशी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्या दिवशी नुकतंच इंजिन जोडलेली मोटरसायकल घेऊन निघाला आणि पहिल्याच उतारावर पिस्टन जाम झाला. मागचं चाक अडकलं. गुडघा कायमचा गेला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला. "हे कोरडंच जोडलंय. तेलाचं बोटसुद्धा फिरवलेलं नाही."

तेव्हापासून भावाने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"ताप होता मला," बाबा म्हणाले. हे ते रोज म्हणायचे. "गोळी घेतली, मग काय केलं नि काय नाही, सगळं पुसून गेलंय. पण गॅरेज माझं. दुसरं कोण जोडणार?"

"हात चालवा, बाबा. तेल ओघळतंय."

तेच इंजिन आज ते पुन्हा जोडत होते. नवा पिस्टन, नवं सिलिंडर. पोराने एकदा यावं, स्वतः किक मारून बघावी, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं. जेवण निम्म्यावर आलं होतं. आग्रह केला की म्हणायचे, "तो उंबरा चढू दे, मग बघ कसा ताव मारतो."

सिलिंडरला तेल, कॅमला तेल, बेअरिंगला तेल. टक्, टक्. शेवटचा बोल्ट तिने आवळला. बाबांनी चिंधीला हात पुसले.

"आता लाव फोन."

तिने लावला. "येऊन जा रे. सगळं तेलात न्हाऊन निघालंय. मी स्वतः बघितलंय."

"ताई, तू मध्ये पडू नकोस," पलीकडून भाऊ म्हणाला. "तुझ्याबद्दल माझं काही नाही. तू उशाशी बसलीस म्हणून मी माणसात आलो. पण त्यांना सांग, ज्याला पोटच्या पोराच्या इंजिनाला तेल लावायचं सुचलं नाही, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. एकच पाय धड उरलाय."

तिने फोन ठेवला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाला."

"खोटं बोलणं तुला कधी जमलं नाही," बाबा कसनुसं हसले. "बरोबरच आहे त्याचं. मी तरी कुठे आलो असतो?"

भिंत धरत धरत ते आत जाऊन पडले. ताटावरचं झाकण तसंच राहिलं.

ती इंजिनावरचे ओघळ पुसू लागली. पुसलेलंच पुन्हा पुसू लागली.

लेक जवळ आली. डबी कानाशी धरून तिने बूड दाबलं. टक्.

"आई, त्या दिवशी आजोबा झोपले होते आणि मामाचं इंजिन तू जोडत होतीस ना, तेव्हा डबी वाजलीच नाही. मी पडून रडत होते, म्हणून का गं?"